अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाचा इंटरव्ह्यू: आईबाबांची तयारी कशी करून घ्यावी

मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) अमेरिकी कॉन्सुलेटच्या रांगेत कधीही गेलात तरी साठी-पासष्टीची मराठी जोडपी हमखास भेटतात. मुलाच्या पदवीदानाला, मुलीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडांना बघायला निघालेली. हातात जाडजूड फाईल, चेहऱ्यावर दहावीच्या परीक्षेचा ताण आणि ओठांवर कुणीतरी पाठ करून घेतलेली इंग्रजी वाक्यं. प्रत्यक्ष खिडकीवरचं बोलणं मात्र बहुतेकांचं दोन-तीन मिनिटांत संपतं, आणि ती फाईल अनेकदा उघडावीही लागत नाही.

हा लेख त्या जोडप्यांसाठी आणि तिकडून त्यांचा फॉर्म भरणाऱ्या मुलांसाठी आहे. वर्षानुवर्षं नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे फॉर्म भरून देताना माझं एक मत पक्कं झालं आहे: फाईलवर खर्च होणारी मेहनत फॉर्मवर आणि आईबाबांच्या स्वतःच्या बोलण्यावर खर्च करा. बाकीचं आपोआप जागेवर येतं.

ऑफिसर नेमकं काय तपासतो

व्हिजिटर व्हिसा म्हणजे बी१/बी२. बी१ कामकाजाच्या भेटीसाठी, बी२ फिरायला किंवा नातेवाइकांना भेटायला. भारतात साधारणपणे दोन्ही एकत्रच मिळतात. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात २१४(बी) नावाचं एक कलम आहे. ते सांगतं की व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरा. तसं नाही हे त्यानं पटवून द्यायचं. म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारी सुरुवातीपासून तुमच्यावर असते. समोरचा ऑफिसर उद्धट किंवा संशयी असतो म्हणून प्रश्न विचारत नाही, कायदाच त्याला तसं करायला लावतो. एवढं डोक्यात बसलं की निम्मी भीती कमी होते.

त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. तुम्ही का जाताय, खर्च कोण करणार, आणि परत का येणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदापेक्षा तुमच्या आयुष्यात असतं: इथलं घर, पेन्शन, शेती, दुकान, दुसरा मुलगा, सून, नातवंडं, म्हातारी आई, सोसायटीतलं वर्षानुवर्षांचं बस्तान. परत येण्याची ही कारणं आपल्या दृष्टीनं इतकी रोजची असतात की ती सांगायची सुचतच नाहीत.

पहिली पायरी: डीएस-१६० फॉर्म

हा व्हिसाचा मुख्य अर्ज. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंटरव्ह्यूच्या वेळी ऑफिसरच्या स्क्रीनवर हाच फॉर्म असतो, आणि तुम्ही खिडकीपाशी पोचण्याआधीच तुमच्याविषयी त्याचं निम्मं मत त्यावरून तयार झालेलं असतं.

फॉर्म अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर ऑनलाइन आणि इंग्रजीत भरायचा असतो. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही’ आहे ना, हे बघूनच पुढे जा. तशाच दिसणाऱ्या आणि वर पैसे मागणाऱ्या खासगी साइट्स बऱ्याच आहेत. डीएस-१६० भरायला वेगळे पैसे पडत नाहीत. सुरुवातीला मिळणारा ॲप्लिकेशन आयडी आणि तुम्ही दिलेलं सिक्युरिटी प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून ठेवा. साधारण वीस मिनिटं काही हालचाल झाली नाही तर साइट बाहेर काढते, म्हणून प्रत्येक पान सेव्ह करत जा.

आता ज्या जागी मराठी घरांतले फॉर्म हटकून अडखळतात, त्या बघू.

नाव. पासपोर्टवर सरनेमच्या रकान्यात जे आहे तेच आडनाव, आणि गिव्हन नेमच्या रकान्यात जे आहे ते सगळं, म्हणजे स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जसंच्या तसं. मधलं नाव गाळू नका, आद्याक्षर करू नका.

त्यापुढचा प्रश्न: याआधी दुसरं नाव वापरलंय का? आपल्याकडे लग्नानंतर आडनाव तर बदलतंच, पण आईच्या पिढीत पहिलं नावही बदललेलं असतं. माहेरची शकुंतला दामोदर सासरी येऊन सुनीता प्रकाश झालेली असते, आणि शाळेच्या दाखल्यावर अजून शकुंतलाच असते. इथे ‘हो’ म्हणा आणि माहेरचं पूर्ण नाव लिहा. मुलं घाईत ‘नाही’वर टिचकी मारून पुढे जातात.

जन्मतारीख. जुन्या काळी शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली असंख्य माणसं आपल्याकडे आहेत. खरी तारीख कार्तिकातली कुठलीशी असली तरी फॉर्मवर पासपोर्टचीच लिहायची, आणि ऑफिसरनं विचारली तर तीच सांगायची. आईला ती पाठ आहे ना, हे एकदा विचारून बघा. अनेक आयांना नसते.

नोकरी. ‘रिटायर्ड’ एवढं लिहून थांबू नका. आधीची नोकरी विचारली जाते तिथे संस्था, पद, कामाचं स्वरूप, किती साल ते किती साल, हे नीट भरा. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेला माणूस आणि नुसता ‘रिटायर्ड’ माणूस यांत वाचणाऱ्याला मोठा फरक दिसतो. गृहिणी असाल तर ‘होममेकर’ लिहा. त्यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही, आणि नसलेला व्यवसाय तर अजिबात लिहू नका.

अमेरिकेतले नातेवाईक. मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, सगळे लिहा आणि त्यांचं तिथलं स्टेटस खरं लिहा. ‘जास्त नातेवाईक दाखवले तर रिजेक्ट होतं’ हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. तो धोक्याचा आहे. मुलाच्या स्वतःच्या व्हिसा फॉर्ममध्ये आईवडिलांची नावं असतात. लपवलेलं नातं सापडायला वेळ लागत नाही.

याच ओळीतला आणखी एक प्रश्न: तुमच्यासाठी कुणी कधी इमिग्रंट पिटिशन, म्हणजे तिथे कायम राहण्यासाठीचा अर्ज, दाखल केलं आहे का? मुलगा अमेरिकी नागरिक झाला असेल आणि त्यानं आईवडिलांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज घातला असेल, किंवा पंधरा वर्षांपूर्वी भावानं घातला असेल, तर उत्तर ‘हो’ आहे. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल तर तेही ‘हो’. १९९८ साली नाकारलेला असला तरी.

सोशल मीडिया. २०१९ पासून गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची माहिती मागतात. बाबांचं फेसबुक असेल, आईचं भजनांचं यूट्यूब चॅनल असेल, तर ते लिहायचं. ‘नाही’ लिहून मोकळं होऊ नका.

किती दिवस राहणार. सवयीनं सगळे सहा महिने टाकतात. खरोखर सहा महिन्यांचा बेत असेल आणि त्याला कारण असेल तर जरूर लिहा. पण बाबा अजून नोकरीत असतील आणि त्यांना महिन्याचीच रजा मिळणार असेल, तर सहा महिने लिहिलेला फॉर्म पुढच्या सगळ्या उत्तरांशी भांडत बसतो.

शेवटी सुरक्षेचे लांबलचक प्रश्न येतात. न वाचता सगळीकडे ‘नो’ करत सुटू नका. ओव्हरस्टे (मुदतीपेक्षा जास्त राहणं), जुना नकार असे प्रश्न मध्येच दडलेले असतात. आणि पासपोर्ट नंबर तपासा: पहिलं अक्षर, मग सात अंक. ओ आणि शून्य, आय आणि एक यांची गल्लत इथेच होते.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, गेल्या सहा महिन्यांतला. चष्मा काढायचा, हा नियम २०१६ पासून आहे. फोटोवाल्याला ‘अमेरिकेच्या व्हिसाचा’ एवढं सांगितलं की बहुतेकांना माप माहीत असतं.

फॉर्म सबमिट करण्याआधी त्याची प्रत आईबाबांना पाठवा आणि फोनवर बसून एकेक ओळ मराठीत वाचून दाखवा. हे काम कंटाळवाणं आहे, तास-दीड तास जातो, पण मला विचाराल तर सगळ्या तयारीतली सर्वांत मोलाची पायरी हीच. फॉर्म मुलानं भरलेला असतो, सही आईबाबांची असते, आणि खिडकीवर उत्तर द्यायला ते उभे असतात.

दुसरी पायरी: फी आणि तारीख

व्हिजिटर व्हिसाची अर्ज फी जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे, प्रत्येकी. ती रुपयांत भरायची आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. भरण्याच्या दिवशी अधिकृत साइटवर ताजी रक्कम बघून घ्या. तारीख ज्या साइटवर घेता, तिथे फी भरल्यापासून वर्षभराच्या आत अपॉइंटमेंट घ्यावी लागते.

अपॉइंटमेंट दोन असतात. पहिली व्हिसा ॲप्लिकेशन सेंटरमध्ये बोटांचे ठसे आणि फोटो देण्याची, दुसरी कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यूची. अपॉइंटमेंट घेताना वापरलेला डीएस-१६० चा बारकोड नंबर आणि सोबत नेलेल्या कन्फर्मेशन पानावरचा नंबर एकच हवा. मध्येच चूक सापडली म्हणून नवा फॉर्म भरलात, तर प्रोफाइलमध्ये नवा नंबर टाकायला विसरू नका.

१ जानेवारी २०२५ पासून तारीख एकदाच फुकट बदलता येते. दुसऱ्यांदा बदलायची झाली किंवा गैरहजर राहिलात, तर पुन्हा फी. त्यामुळे घरातलं लग्नकार्य, मोतीबिंदूचं ऑपरेशन, पेरणी हे सगळं आधी कॅलेंडरवर मांडून मगच तारीख घ्या.

वयस्कांना इंटरव्ह्यू लागत नाही अशी समजूत अजून पक्की आहे. ८० वर्षांवरच्यांना पूर्वी सूट होती, पण २ सप्टेंबर २०२५ पासून ती सरसकट राहिलेली नाही. जुना पूर्ण मुदतीचा बी१/बी२ व्हिसा संपून बारा महिने झाले नसतील तर नूतनीकरणात सूट मिळू शकते. तिथेही अंतिम निर्णय कॉन्सुलेटचा.

एजंटांबद्दल एकच सांगते. लवकरची तारीख काढून देतो म्हणून तुमच्या खात्याचा पासवर्ड मागणाऱ्याला तो देऊ नका. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासानं बॉट्स (आपोआप चालणारे प्रोग्राम) वापरून घेतलेल्या सुमारे दोन हजार अपॉइंटमेंट रद्द केल्या होत्या.

तिसरी पायरी: कागद

लागणारच असे कागद थोडे आहेत: चालू पासपोर्ट, असतील तर जुने पासपोर्ट, डीएस-१६० चं कन्फर्मेशन पान, अपॉइंटमेंटचं पत्र आणि फोटो.

बाकीचे जवळ असावेत, न विचारता पुढे करू नयेत. पेन्शन पेमेंट ऑर्डर, बँकेचं पासबुक आणि एफडीच्या पावत्या, तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट किंवा सातबारा आणि आठ-अ, नोकरीत असाल तर रजा मंजुरीचं पत्र. मुलाकडून त्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, नोकरीचं पत्र. शिकत असेल तर आय-२० (युनिव्हर्सिटीनं दिलेला विद्यार्थी व्हिसाचा फॉर्म) आणि पदवीदान असेल तर युनिव्हर्सिटीचं पत्र. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर हजारो रुपये देऊन करून घ्यायची गरज नाही. सातबारा कुणी मागितलाच, तर त्यावर काय आहे हे तुम्ही एका वाक्यात सांगू शकलात म्हणजे झालं: ‘सांगोल्याला चार एकर डाळिंब आहे, वाट्यानं देतो.’

मुलानं पाठवलेलं निमंत्रण पत्र किंवा खर्चाची हमी व्हिजिटर व्हिसासाठी सक्तीची नाही, असं परराष्ट्र खातंच सांगतं. निर्णय तुमच्या परिस्थितीवर होतो, मुलाच्या पगारावर नाही. आणि इंटरव्ह्यूच्या महिनाभर आधी कुणाकडून तरी उसने घेऊन खात्यात आठ-दहा लाख आणून ठेवायचं काम कृपया करू नका. पेन्शन चाळीस हजार आहे आणि मुलगा तिकीट काढणार आहे, हे सांगणं पूर्णपणे चालतं. खोटा कागद किंवा खोटं उत्तर पकडलं गेलं तर आयुष्यभरासाठी अमेरिकेचं दार बंद होऊ शकतं. नुसता नकार त्यापुढे काहीच नाही.

व्हिसा हातात येण्याआधी परत न होणारं तिकीट काढू नका.

चौथी पायरी: बोलण्याचा सराव

मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू मराठीत देता येतो. नागपूर-अमरावतीच्या मंडळींना हैदराबाद जवळ वाटेल आणि भारतात कुठल्याही केंद्रावर अर्ज करता येतो. पण मराठीतच बोलायचं असेल तर मुंबई धरा. मोडक्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी केव्हाही बरी. ज्या भाषेत तुम्ही बँकेतल्या माणसाला चार गोष्टी ऐकवू शकता, ती भाषा निवडा.

प्रश्न साधे असतात. पाठांतराचं उत्तर कसं बिघडतं ते बघा. ‘कशासाठी जाताय?’ याला ‘फॉर टुरिझम अँड टु मीट माय डॉटर’ असं घोकलेलं वाक्य आलं की ऑफिसर ‘टुरिझम कुठे?’ विचारतो आणि गाडी अडते. आता हेच सरळ बोलून बघा.

‘कशासाठी चाललात?’

‘मुलगी डॅलसला असते. सप्टेंबरात तिचं पहिलं बाळंतपण आहे. तिच्याजवळ असावं म्हणून चाललोय.’

‘जावई काय करतात?’

‘एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, सहा वर्षं झाली.’

‘किती दिवस राहणार?’

‘साडेतीन महिने. ऑगस्टअखेर जाऊन डिसेंबरच्या मध्यावर परत. त्यानंतर तिच्या सासूबाई जाणार आहेत.’

‘इथे कोण असतं?’

‘धाकटा मुलगा, सून आणि नात, आम्ही एकत्रच राहतो. यांचे वडील नव्वदीचे आहेत, तेही आमच्याकडेच.’

इथे एकही वाक्य सजवलेलं नाही, पण का, किती आणि परत का, तिन्ही आलं. विचारलं तेवढंच सांगायचं, आणि ते पूर्ण सांगायचं.

बाळंतपणाबद्दल लोक फार घाबरतात. ‘बाळ सांभाळायला’ म्हटलं तर काम करायला चाललात असं धरतील, म्हणून कारणच लपवतात आणि ग्रँड कॅन्यनच्या गोष्टी सांगतात. लपवू नका. मुलीच्या बाळंतपणात आईनं जवळ असणं हे भेटीचं रास्त कारण आहे. या व्हिसावर नोकरी करता येत नाही, पगारी सांभाळणं तर नाहीच. अडचण येते ती दरवर्षी सहा-सहा महिने जाऊन पाळणाघराची जागा भरून काढण्याचा बेत दिसला तर. तो बेत नसेल तर भिण्याचं कारण नाही.

मुलाविषयी एवढं दोघांनाही ठाऊक हवं: शहर, कंपनी किंवा युनिव्हर्सिटी, काम काय, कुठल्या व्हिसावर, किती वर्षं झाली, शेवटचा इकडे कधी येऊन गेला. पगार माहीत नसेल तर ‘नक्की माहीत नाही’ म्हणा. अंदाजाचा आकडा ठोकण्यापेक्षा ते चांगलं.

आणि बाबांनो, आईला बोलू द्या. घरोघरी हेच दिसतं: जोडपं एकत्र खिडकीपाशी जातं आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाबा देतात, आईला विचारलेलंसुद्धा. ऑफिसर मुद्दाम आईकडे वळून विचारतो, तेव्हा ती नवऱ्याकडे बघते. म्हणून सराव आईपासून सुरू करा. रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटं, व्हिडिओ कॉलवर, मुलानं न विचारता तिला अनोळखी अशा कुणीतरी प्रश्न विचारावेत. मुलाच्या मित्राला सांगा. दोघांनीही उभं राहूनच उत्तरं द्यावीत, कारण तिथे उभंच राहायचं असतं. उत्तरं लिहून देऊ नका. रोज शब्द वेगळे आले तरी चालतील, माहिती तीच यायला हवी.

दोन अपॉइंटमेंटचे दिवस

ठशांच्या दिवशी बोटांवर मेंदी नको, कापलेलं-भाजलेलं बोट नको. हळदीकुंकू, मंगळागौर, लग्न यांच्या लगेच नंतरची तारीख म्हणूनच टाळावी.

कॉन्सुलेट २०११ पासून बीकेसीत आहे; जुन्या मंडळींच्या डोक्यात अजून ब्रीच कँडी असतं. व्हिसा ॲप्लिकेशन सेंटर ही वेगळी जागा आहे, दोन्ही पत्ते पत्रावरून वाचून रिक्षावाल्याला दाखवा. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनवरून रिक्षा मिळते, आणि मेट्रो तीनचं बीकेसी स्टेशनही आता आहे. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच मुंबईत मुक्काम करावा. सकाळच्या गाडीवर विसंबू नये.

आत मोबाईल, स्मार्ट वॉच, पॉवर बँक, मोठी बॅग चालत नाही, आणि ते ठेवायची सोय कॉन्सुलेट करत नाही. म्हणून सोबत एखादा भाचा-पुतण्या असावा, जो फोन सांभाळून बाहेर थांबेल. त्याचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. फोनशिवाय नंबर आठवत नाही. फार लवकर जाऊन उन्हात उभं राहू नका, वेळेच्या अर्धा तास आधी पुरे. नाश्ता करून जा, सकाळची गोळी चुकवू नका.

आत सुरक्षा तपासणी, कागदांची पडताळणी, पुन्हा ठसे, मग इंटरव्ह्यूची रांग. मध्ये काच, बोलणं माइकवरून, आणि आजूबाजूच्या खिडक्यांवरचा आवाज. कानाचं मशीन असेल तर ते लावूनच जा, नवा सेल घालून. प्रश्न कळला नाही तर ‘पुन्हा सांगाल का?’ म्हणायला मुळीच लाजू नका. न ऐकता ‘हो’ म्हणणं हे सर्वांत वाईट. रांगेत पुढच्याला नकार मिळताना दिसेल. त्याची परिस्थिती तुम्हाला माहीत नसते, तिकडे लक्ष देऊ नका.

निकाल आणि त्यानंतर

व्हिसा मंजूर झाला की ऑफिसर तोंडी सांगतो आणि पासपोर्ट ठेवून घेतो. काही दिवसांनी निवडलेल्या केंद्रावर तो मिळतो, जादा पैसे भरल्यास घरपोच. हाती आल्यावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर आणि मुदत तपासा. भारतीयांना साधारणपणे दहा वर्षांचा, कितीही वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळतो.

२२१(जी) असं लिहिलेली चिठ्ठी मिळाली तर घाबरू नका. एखादा कागद हवा आहे किंवा तपासणी बाकी आहे, असा तिचा अर्थ. चिठ्ठीवर सांगितलंय तसं आणि तेवढंच करा, मग ऑनलाइन स्टेटस बघत राहा.

२१४(बी) चं पत्र आणि पासपोर्ट दोन्ही हातात आले, तर तो नकार. त्यावर अपील नसतं. तिथे वाद घालून किंवा फाईल उघडून उपयोग होत नाही. नवा फॉर्म आणि नवी फी भरून पुन्हा केव्हाही अर्ज करता येतो. पण आठवड्यात धावत जाऊ नका. आधी घरी बसून प्रश्न आणि दिलेली उत्तरं आठवतील तशी लिहून काढा आणि फॉर्मशी ताडून बघा. फॉर्ममध्ये चूक होती, आईला जावयाचं काम सांगता आलं नाही, मुदत आणि कारण जुळत नव्हतं, असं काही सापडलं तर ते दुरुस्त करून जा. काहीच बदललेलं नसेल तर थांबा: मुलाचं शिक्षण संपून नोकरी लागणं, इथे धाकट्याचं लग्न होणं, अशा गोष्टींनी चित्र खरोखर बदलतं. नव्या फॉर्ममध्ये जुना नकार लिहायचाच.

व्हिसा मिळालेल्यांसाठी एक शेवटचं काम उरतं. दहा वर्षांचा शिक्का म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी नव्हे. प्रत्येक खेपेला किती दिवस राहता येईल हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिनेपर्यंत देतात. तोही का आलात, कुणाकडे, किती दिवस हेच विचारतो. मुलाचा पत्ता, फोन नंबर आणि परतीचं तिकीट कागदावर छापून हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इन बॅगेत नको. घरी पोचल्यावर मुलाला सांगून ऑनलाइन आय-९४, म्हणजे प्रवेशाची आणि मुदतीची नोंद, काढून घ्या, त्यावरची तारीख बघा आणि तिच्या आधीच परत या.